गोदामाच्या कोर्समधलं मूल्यशिक्षण: सोमवारच्या तासात की डॉकवर?

बिल्टीवाली (धागाकर्ती)
सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. लिहिणं लांबणार आहे, पण मला खरंच मदत हवी आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

मी बडोद्यात मकरपुऱ्याकडच्या एका प्रशिक्षण केंद्रात लॉजिस्टिक्सचे छोटे कोर्स शिकवते. वेअरहाउस पिकर (ऑर्डरप्रमाणे रॅकवरून माल काढणारा), पॅकर, डॉक्युमेंटेशन असिस्टंट. त्याआधी अकरा वर्षं ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या पावत्या, बनवल्या. मुलं-मुली अठरा ते पंचवीसच्या, बहुतेक दहावी-बारावी. थोडी नवापुरा, बाबाजीपुऱ्यातली आपली मराठी, बाकीची वाघोडिया, सावली, करजणकडून एसटीनं येणारी.

या महिन्यात वरून निरोप आला की पुढच्या बॅचपासून कोर्समध्ये मूल्यशिक्षण घ्या. बैठकीत ठरलं ते असं: दर सोमवारी पहिला तास, बाहेरचे वक्ते, आणि भिंतीवर सुविचारांचे फ्लेक्स. मी तिथे काही बोलले नाही. घरी आल्यावर मात्र तेच डोक्यात फिरत राहिलं.

हा विषय आमच्या कोर्सला नवा नाही. एम्प्लॉयॅबिलिटी स्किल्सचं ६० तासांचं जे मॉड्यूल सगळीकडे चालतं, त्यात संविधानिक मूल्यं आणि नागरिकत्व हा घटक आहे. प्रामाणिकपणा, सचोटी, दुसऱ्याची काळजी आणि आदर हे शब्दसुद्धा त्यात लिहिलेले आहेत. वेळ दीड तास. बेसिक इंग्लिशला १० तास, डिजिटलला १०. दीड तास कमी पडतो अशी माझी तक्रार नाही. तो वर्गात बसून होतो आणि डॉकवर, म्हणजे गाडीतला माल चढवतात-उतरवतात तिथे, त्याची आठवणही कोणाला येत नाही, हे मला खुपतं.

मागच्या बॅचचं सांगते. आमच्या मागच्या शेडमध्ये सरावाचा डॉक आहे. चोवीस खोकी उतरवून, मोजून, पीओडीवर (माल पोचल्याच्या पावतीवर) सही करायची, एवढं काम दिलं होतं. एका खोक्यात काचेच्या बरण्या होत्या आणि त्याचा तळ मी मुद्दाम ओला करून ठेवला होता. एका मुलानं ते उचललं. तळहाताला ओल लागली, त्यानं हात पँटला पुसला, क्षणभर खोक्याकडे बघितलं, आणि ओली बाजू भिंतीकडे करून ते पॅलेटवर लावलं. मग पीओडीवर "माल बरोबर मिळाला" लिहून सही ठोकली.

मी विचारलं, का रे? म्हणाला, "मॅडम, रिमार्क लिहिला असता तर गाडी अडकली असती."

हा मुलगा आदल्या आठवड्यात प्रामाणिकपणावर पाच मिनिटं बोलला होता, आणि मनापासून बोलला होता. म्हणजे ते मूल्य त्याच्याकडे होतं. डॉकवर उभं राहिल्यावर ते कुठे लागू होतं हे त्याला कोणी दाखवलं नव्हतं. मीही नाही.

माझं म्हणणं असं की मूल्य कामाच्या कागदातच हवं. मोजणीत, रिमार्कमध्ये, लोडिंगच्या शीटमध्ये. पण हे नेमकं कसं करायचं? गोदामात, ट्रान्सपोर्टमध्ये, शाळेत काम केलेल्यांनी सांगा.


फिफो_सावली
सोमवार, रात्री ११:१५

ताई, पूर्ण अनुमोदन. चौदा वर्षं गोदामात आहे, सध्या मंजुसरला सुपरवायझर.

आमच्याकडे सगळ्यात जास्त खोटं एका शब्दात लपतं: अ‍ॅडजस्ट. सायकल काउंटला, म्हणजे अधूनमधून होणाऱ्या मोजणीला, सिस्टिममध्ये ४८ नग दिसतात, रॅकवर ४६ निघतात. नवीन मुलगा ४६ सांगतो. जुना माणूस म्हणतो, ४८ टाक, महिनाअखेरीला अ‍ॅडजस्ट करू. तिथून पुढे तो मुलगा मोजतच नाही, सिस्टिम बघतो आणि आकडा भरतो. असे बारा महिने गेले की ते दोन नग चोरीला गेले, दुसऱ्या बिनमध्ये (रॅकच्या कप्प्यात) पडले की आलेच नव्हते, हे कोणालाही सांगता येत नाही. संशय मात्र नेहमी सगळ्यात खालच्या माणसावर, बहुधा हमालावर.

तुमच्या सरावात एक करा. मोजायचा आकडा आधी देऊ नका. कोरा कागद द्या, मोजू द्या, मग सिस्टिमशी जुळवा. आम्ही याला ब्लाइंड काउंट म्हणतो. आकडा आधी दिसला की हात त्याच आकड्याकडे जातो, माणूस कितीही चांगला असो.


रावपुरा_रश्मी
सोमवार, रात्री ११:२२

वाचतेय. फार चांगला धागा.


सहा_गाड्या
मंगळवार, सकाळी ७:०५

ताई, तुमच्या कळकळीबद्दल आदर आहे. पण माझी बाजू जरा वेगळी आहे.

मी छोटा गाडीमालक. सहा गाड्या, दुमाड चौकडीजवळ पार्किंग. तुमचा मुलगा म्हणाला ना, रिमार्क लिहिला तर गाडी अडकेल? बरोबर बोलला. रिमार्क पडला की भाड्याची बाकी थांबते, कारण पीओडी क्लीन आल्याशिवाय पार्टी पैसे सोडत नाही. बऱ्याच ठिकाणी मालक ते शॉर्टेज ड्रायव्हरच्या पगारातून कापतो. ड्रायव्हरनं खोकं ओलं केलेलं नसतं. ते भरतानाच ओलं असतं, किंवा ताडपत्री फाटकी असते, आणि ताडपत्री मालकाची. मीही एकदा असं कापलं आहे. दहा वर्षं झाली. त्या माणसानं हिशोबाच्या कागदावर काही न बोलता सही केली आणि पुढच्या खेपेपासून तो आला नाही. अजून आठवतं.

म्हणून म्हणतो, मुलांना "खरं लिहा" एवढंच शिकवून सोडू नका. खरं लिहिल्यावर कोणाच्या ताटातलं जातं तेही शिकवा. रिमार्क लिहिताना ड्रायव्हरला शेजारी उभा करा, त्याच्यासमोर फोटो काढा, भरताना काय अवस्था होती ते त्याला विचारा, त्याचं म्हणणंही कागदावर घ्या. नाहीतर तुमच्या मुलाचा प्रामाणिकपणा तिसऱ्याच माणसाच्या खिशातून भरला जाईल.

दुसरी गोष्ट वेळेची. बडोद्याहून पुणे साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. ई-वे बिलाला (मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाला) २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे बिल तीन दिवस चालतं. पार्टी देते एक रात्र. कामाच्या तासांचं म्हणाल तर १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यातच दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास लिहिले होते. पण "कल सुबह पहुँचना चाहिए" हा फोन करतो डिस्पॅचमधला तुमचाच विद्यार्थी. त्यानं फोन करण्याआधी एवढं विचारायला शिकावं: हा ड्रायव्हर शेवटचा झोपला कधी?


करेलीबाग_बाई
मंगळवार, दुपारी २:३०

मी आधी महाराष्ट्रात शिक्षिका होते, लग्नानंतर बडोद्यात आले. आमच्याकडे परिपाठात दहा मूल्यं असत: वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्य, स्त्री-पुरुष समानता, वगैरे. फळ्यावर रोज एक. मुलं पाठ म्हणायची. मी बरीच वर्षं ते नेटानं घेतलं. आज मागे वळून बघते तेव्हा पाठ केलेलं कोणाला आठवतं असं वाटत नाही. पण वर्गाचा झाडू बाईंनी स्वतः हातात घेतला तो दिवस पोरं अजून भेटल्यावर सांगतात.

म्हणून सोमवारचा तास पूर्ण टाकून देऊ नका असं सुचवते. वक्ते मात्र बदला. बाहेरून भाषणकार आणण्याऐवजी हाथीखान्यातला एखादा जुना हमाल बोलवा, त्याला खुर्ची द्या, चहा द्या, आणि पोरांना त्याला प्रश्न विचारू द्या. पाठीचं काय झालं, पोती किती वजनाची होती, मुकादम कसा होता. आणि तुम्ही स्वतः त्यांच्याबरोबर खोकी उचला. श्रमप्रतिष्ठा शिकवणाऱ्याच्या हाताला धूळ लागलेली दिसली पाहिजे.

मुलींबद्दलही लिहा ना ताई. तुमच्या बॅचमध्ये मुली आहेत म्हणालात.


बिल्टीवाली (धागाकर्ती)
मंगळवार, रात्री ९:५०

सहा_गाड्या दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ड्रायव्हरला शेजारी उभा करायचं माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. अकरा वर्षं मी बिल्टीवर "ड्रायव्हरची सही" हा रकाना भरून घेतला. त्याला काय म्हणायचंय हे लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

बाई, मुलींचं सांगते. तीसच्या बॅचमध्ये सात-आठ असतात. बहुतेक गोदामं त्यांना पॅकिंगला घेतात. हँड पॅलेट ट्रक, स्टॅकर या माल हलवायच्या, उंच रचायच्या यंत्रांजवळ येऊ देत नाहीत. कारण विचारलं की "सेफ्टी". मग स्वच्छतागृह कुठे आहे विचारलं की गप्प. प्लेसमेंटच्या आधी मी आता तीच चौकशी पहिली करते. समानता या मूल्याचा आमच्या धंद्यातला पहिला धडा मला तरी तोच वाटतो.


पिकर_नवापुरा
मंगळवार, रात्री ११:३०

मी असाच कोर्स केलाय तीन वर्षांपूर्वी. ताईंच्या केंद्रात नाही, दुसरीकडे. नाव घेत नाही.

थेट लिहितो, राग मानू नका. आमच्या कोर्समध्ये मूल्यांचा धडा झाला त्याच दिवशी आम्हाला हजेरीच्या रजिस्टरवर न आलेल्या दिवसांच्या सह्या करायला लावल्या. मी सतरा सह्या केल्या. वेगवेगळ्या पेनानं करा असं सांगितलं. पेनांचा डबाच ठेवला होता टेबलावर, निळी, काळी. माझ्या शेजारच्या मुलीनं विचारलं, सर, मी तर त्या दिवशी आजारी होते. सर म्हणाले, तुला सर्टिफिकेट हवंय ना?

आम्हाला सर्टिफिकेट हवं होतं. घरी सांगून ठेवलं होतं.

नंतर मी गोदामात लागलो. तासाला इतके पिक झालेच पाहिजेत असं टार्गेट. एकदा बिस्किटांचा बिन उचलला, त्यात दोन खोकी तारीख गेलेली. बाजूला काढून कळवायला दहा मिनिटं गेली असती आणि स्क्रीनवर माझं नाव लाल झालं असतं. मी खोटं बोलत नाही, ती खोकी मी आत ढकलली आणि पुढचं पिक घेतलं. त्या वेळी मला त्या पेनांच्या डब्याची आठवण आली होती. सगळे असंच करतात, शिकवणारेसुद्धा, असं वाटलं.

दोन दिवसांनी जाऊन सांगितलं सुपरवायझरला. सुपरवायझर चांगला होता, ओरडला नाही. पण सगळ्यांना असा मिळत नाही.

तेव्हा ताई, आधी तुमचं हजेरीपत्रक बघा. मग डॉक.


फिफो_सावली
मंगळवार, रात्री ११:४१

भाऊ, दोन दिवसांनी का होईना, जाऊन सांगितलंस. हे लिहायलाही छाती लागते.


बिल्टीवाली (धागाकर्ती)
बुधवार, पहाटे ५:४५

पिकर, राग कशाचा. तू लिहिलंस ते वाचून उठून बसले.

पूर्वी ज्या ठिकाणी शिकवत होते तिथे असंच रजिस्टर माझ्यासमोरून गेलेलं मी पाहिलं आहे. मी सही केली नाही, पण बोललेही नाही. आत्ताच्या केंद्रात हजेरी अंगठ्यानं होते, तरी पळवाटा असतात हे मला माहीत आहे. आज जाऊन मी वरिष्ठांशी एवढंच बोलणार आहे: मूल्यशिक्षण सुरू करायचं तर पहिला कागद आपला. ज्या दिवशी मूल नव्हतं, त्या दिवशी ते नव्हतं. तास भरून काढायचे असतील तर संध्याकाळी जादा बसू, मी थांबते.


शीतपेटी
बुधवार, सकाळी १०:१०

माझं काम लसी आणि औषधांच्या वाहतुकीचं. न दिसणाऱ्या चुकीचं एक उदाहरण देते, तुमच्या मुलांना उपयोगी पडेल.

लसी २ ते ८ अंशात ठेवायच्या हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे सगळ्यांना भीती उष्णतेची. लसीच्या कुपीवर व्हीव्हीएमचा चौकोन असतो, उष्णता लागली की तो गडद होत जातो. पण हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट, टीडी या लसी गोठल्या तरी वाया जातात, आणि गोठण्याचं त्या चौकोनावर काही दिसत नाही. घाईत पॅक करणारा फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक घाम सुटेपर्यंत न थांबता थेट पेटीत घालतो. कुपी त्याला चिकटते, गोठते, तीन तासांनी पुन्हा वितळते. वरून बघितलं तर नव्यासारखी. चौकोन पांढरा. कागद बरोबर, सही बरोबर, वेळ बरोबर. आणि कुठल्यातरी उपकेंद्रावर एका बाळाला टोचलेल्या सुईत संरक्षणच नसतं. हे कोणालाही, कधीही कळणार नाही.

मी नवीन मुलांना एक आइसपॅक हातात धरायला देते आणि बाहेर घाम सुटेपर्यंत, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत उभं करते. कधी अर्धा तास लागतो, कधी जास्त. कंटाळतात. त्या वेळात मी त्यांना त्या बाळाचं सांगते. नंतर त्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही, पॅक हलवून कानाशी नेल्याशिवाय ते पेटी भरत नाहीत.


हिशोबनीस
बुधवार, दुपारी १:००

सगळं पटतंय, पण व्यवहाराचं कोणी बोलत नाहीये. कोर्सचे तास ठरलेले, मूल्यमापन बाहेरचा असेसर येऊन करतो, कंपनीला वेगवान मुलं हवीत. प्रामाणिकपणाला गुण कसे देणार? गुण दिले तर मुलं गुणांसाठी प्रामाणिक दिसतील. नाही दिले तर कोणी मनावर घेणार नाही. याचं उत्तर आहे का कोणाकडे?


फिफो_सावली
बुधवार, दुपारी १:४०

प्रामाणिकपणाला गुण देऊच नका. चूक सांगण्यातली भीती काढा.

आमच्याकडे डॉकच्या खांबाला दोरीनं एक वही बांधली आहे. चूक-वही. खोकं पडलं, चुकीच्या बिनमध्ये ठेवलं, स्टॅकर रॅकला घासला, थोडक्यात वाचलो, जे काही असेल ते लिहायचं. नाव लिहिलं नाही तरी चालतं. नियम एकच, वहीत लिहिलेल्यावर शिक्षा नाही. पहिला महिना वही कोरी होती. मग मी स्वतःची चूक लिहिली: डिस्पॅचची दोन लेबलं मी उलटसुलट लावली होती, गोध्र्याचा माल भरुचला गेला होता, आणि तोवर ते कोणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी खाली चार नोंदी होत्या.

आता दर शनिवारी वही वाचतो. एकाच वळणावर तीनदा स्टॅकर घासला असं दिसलं, तेव्हा तिथला रॅक हातभर मागे घेतला. मुलांनी पाहिलं की लिहिल्यावर माणसाला ओरडा बसत नाही, रॅक सरकतो. तेव्हापासून लिहितात.

सरावातही असंच करा. चूक झाली आणि सांगितली, तर पुढे चला. चूक लपवली आणि नंतर सापडली, तर काम पहिल्यापासून. एवढ्यात गुणांचा प्रश्न सुटतो असं मला वाटतं.


टँकरलाइन
बुधवार, रात्री ८:२०

कोयली, नंदेसरी पट्ट्यात रसायनांच्या टँकरवर वीस वर्षं गेली, आता सुपरवायझरी करतो. आमच्याकडे धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण आणि लायसनवर तशी नोंद लागते. केबिनमध्ये ट्रेम कार्ड असावं लागतं, आत काय आहे, सांडलं तर काय करायचं, ते त्यावर असतं. कागदोपत्री सगळं आहे. पण अनेक ड्रायव्हरना ते कार्ड वाचता येईल अशा भाषेत मिळतच नाही.

६ जानेवारी २०२२ ला सुरतच्या सचिन जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) काय झालं ते आठवा. टँकरमधलं रसायन पहाटे नाल्यात सोडलं जात होतं, त्यातून विषारी वायू झाला आणि शेजारच्या मिलमधली ६ माणसं झोपेत, कामात असताना गेली. नाल्याशी टँकर लागला त्याच्या मागे किती हात होते बघा: कोणीतरी माल दिला, कोणीतरी चलन लिहिलं, कोणीतरी रस्ता सांगितला, कोणीतरी पाईप धरला. प्रत्येकानं आपापलं छोटं काम केलं.

तुमची मुलं डॉक्युमेंटेशनला बसणार आहेत. त्यांना एक वाक्य सरावात बोलायला लावा, मोठ्यानं, दहा वेळा: "या मालाचं नाव आणि उतरवायची जागा लिहून दिल्याशिवाय मी चलन काढणार नाही." विनोद वाटेल, पण नाही. आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणायची वेळ साहेबासमोर येते तेव्हा घशातून आवाज निघत नाही. माझा निघाला नव्हता. सराव केलेला असला तर निघतो.


दांडियाबाजार_काका
गुरुवार, सकाळी ६:५०

मी कलाभवनच्या इमारतीत शिकलो, तोवर ते विद्यापीठाचं तंत्रशाखेचं महाविद्यालय झालं होतं. सयाजीरावांनी कलाभवन काढलं १८९० साली. रंगाई, विणकाम, यंत्रकाम शिकवायला. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. त्या काळात हाताचं काम शिकवायला राज्यानं एवढी देखणी वास्तू बांधली, यातच काम करणाऱ्याचा मान होता. तुमच्या केंद्राची शेड पत्र्याची असेल तर असो, पण मुलांना प्यायचं पाणी आणि बसायला बाक तरी नीट आहे ना, ते बघा.

आणि एक विनंती. बॅच सुरू होताना एक सकाळ मुलांना कमाटीबागेजवळच्या संकल्पभूमीवर न्या. २३ सप्टेंबर १९१७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यता मिटवायचा संकल्प तिथे केला. बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले बाबासाहेब इथे नोकरीला आले, आणि या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. कचेरीतले शिपाई फायली त्यांच्या हातात देत नसत, लांबून टेबलावर टाकत. तुमची मुलं जन्मभर कागद आणि माल एका हातातून दुसऱ्या हातात देण्याचं काम करणार आहेत. हातात देणं आणि लांबून टाकणं यातला फरक त्यांना तिथे उभं राहून कळेल. मी आजही बाजारात बघतो, हमालाला पाणी वेगळ्या ग्लासातून देणारी दुकानं संपलेली नाहीत. त्यावर वर्गात मोकळेपणानं बोला. पोरं बोलतील. त्यांनी बघितलेलं असतं.

जाता जाता: आपल्या लालबागेत गतिशक्ती विश्वविद्यालय आहे. २०१८ ला रेल्वे-परिवहन संस्था म्हणून सुरू झालं, २०२२ ला केंद्रीय विद्यापीठ झालं. तिथले पदवीधर उद्या ज्या गोदामांचे मॅनेजर होतील, तिथेच ताईंची मुलं पिकर असतील. दोघांना वर्षातून एक दिवस एका डॉकवर खोकी उतरवायला एकत्र आणता आलं तर पाहा.


सहा_गाड्या
गुरुवार, सकाळी ८:१५

काकांना नमस्कार. ग्लासचं खरं आहे. हायवेवर ड्रायव्हरला कंपनीच्या गेटच्या आत स्वच्छतागृह वापरू देत नाहीत, हा त्यातलाच प्रकार. बारा तास गाडी खाली होईना आणि माणूस गेटबाहेर उभा.


हिशोबनीस
गुरुवार, दुपारी १२:३०

चूक-वहीचं उत्तर पटलं. एक भर घालतो, आकड्यांची. लोडिंगच्या सरावात ओव्हरलोडचं गणित घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० दंड आहे. दोन टन जास्त भरले तर २४,०००. दोन टनांचं भाडं किती मिळालं ते समोर लिहायला लावा. मग त्याच कागदावर तिसरा रकाना ठेवा, त्यात आकडा नको: घाटात ब्रेक लागला नाही तर पुढे कोण होतं. मुलांनीच भरायचा. मी माझ्या भाच्याला असं करायला लावलं, त्यानं लिहिलं "शाळेची रिक्षा". मी काही सुचवलं नव्हतं.


बिल्टीवाली (धागाकर्ती)
शुक्रवार, रात्री १०:०५

सगळ्यांचे प्रतिसाद छापून घेतले, पाटीवर लावून काम केलं. आज वरिष्ठांबरोबर बसले. एका तासात सगळं ठरलं नाही. फ्लेक्स लागणारच आहेत, ते बजेटमध्ये आहे. हजेरीचं मात्र त्यांनी ऐकून घेतलं आणि जादा तासांना हो म्हणाले. सोमवारचा तास माझ्याकडे दिला. हाथीखान्यातले एक हमालकाका यायला तयार आहेत, पहिल्या सोमवारी तेच.

उतरवणीच्या सरावाचा कागद मी असा केला आहे, चुका सांगा:

आकडा आधी द्यायचा नाही, कोरा कागद. मोजणी दोघांनी वेगवेगळी करायची. ओलं, दबलेलं, फाटलेलं खोकं दिसलं की हात थांबवायचा आणि ड्रायव्हरची भूमिका करणाऱ्याला बोलवायचं. फोटो त्याच्यासमोर. रिमार्कच्या खाली नवीन रकाना, "ड्रायव्हरचं म्हणणं", त्याच्याच शब्दांत, त्याच्याच भाषेत. त्याला पाणी विचारलं का, हाही रकाना आहे, हसू नका. शेवटी चूक-वही. पहिली नोंद माझी असेल, बिल्टीच्या त्या रकान्याची.

डिस्पॅचच्या सरावात फोनचा प्रसंग आहे. एक जण ड्रायव्हर, एक डिस्पॅच, एक पार्टी. "शेवटचा झोपलास कधी" हा प्रश्न विचारल्याशिवाय वेळ द्यायची नाही. टँकरलाइन भाऊंचं वाक्य डॉक्युमेंटेशनवाल्यांना. आणि वेगाचं टार्गेट पहिल्या दोन आठवड्यांत लावणार नाही, नंतर लावेन, कारण बाहेर ते आहेच. त्या दिवशी मुद्दाम तारीख गेलेली दोन खोकी बिनमध्ये ठेवणार आहे.

पिकर, त्या दिवशी तू येशील का? तू सांगितलंस तर ते ऐकतील, मी सांगून तेवढं होणार नाही.


पिकर_नवापुरा
शुक्रवार, रात्री ११:१०

येतो ताई. माझी गुरुवारी सुट्टी असते. पेनांचं सांगू का?


बिल्टीवाली (धागाकर्ती)
शुक्रवार, रात्री ११:१४

सांग. सगळं सांग.


सहा_गाड्या
शनिवार, सकाळी ६:४०

माझा एक ड्रायव्हर त्या आठवड्यात इथेच आहे, तेवीस वर्षं गाडी चालवतोय. त्याला घेऊन येतो, खऱ्या गाडीसकट. नकली ड्रायव्हर कशाला. फक्त उतरवणी दहाच्या आत होऊ द्या, त्याला दुपारी झोपायचं असतं.


बिल्टीवाली (धागाकर्ती)
शनिवार, सकाळी ७:०२

नऊला सुरू करू. गाडी मागच्या गेटनं आणा, पुढे गटाराचं काम चाललंय. पाणी, नाश्ता आमच्याकडे, आणि आतलं स्वच्छतागृह उघडं असेल.